आजीला सांभाळायला बाई ठेवायचीय, चेहऱ्यावरून माणूस खरंच ओळखता येतो का?

निंबोणी

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. आम्ही नाशिकला राहतो. माझी आजी म्हणजे बाबांची आई ८१ वर्षांची आहे, पार्किन्सन होऊन बरीच वर्षं झाली, आणि आता गोळीचा असर उतरला की खुर्चीतून उठताना, दारातून जाताना तिला फार त्रास होतो. आईचे गुडघे गेलेत, मी आणि बाबा दिवसभर कामावर, त्यामुळे सकाळी आठ ते रात्री आठ बाई ठेवायचं ठरलं. ब्युरोने दोघी जणी पाठवल्या, दोघींना घरी बोलावून आजीची भेट घालून दिली.

पहिली असेल पस्तिशीची. आल्या आल्या हसतमुख, आजीच्या पाया पडली, काय म्हणताय आजी, आता मी आलेय ना मग काळजी कशाला, असं छान मोकळं बोलली. आजीला बाथरूमला जायचं होतं तर हिने लगेच उठून आजीचे दोन्ही हात धरले आणि चला चला करत उभंच केलं. आत्या तिथल्या तिथे खूश.

दुसरी पन्नाशीची. चेहरा एकदम बंद, हसणं नाही काही नाही, विचारलं तेवढंच उत्तर आणि नजर खाली. पगार आणि महिन्याच्या सुट्ट्या याबद्दल मात्र स्पष्ट बोलली, ते मला आवडलं. पण आजीला उठायचं होतं तेव्हा ही हात न धरता नुसती बाजूला उभी राहिली, पुढे सरका, अजून थोडं, पाय मागे घ्या, आता पुढे वाका, असं हळू आवाजात सांगत होती आणि आजीला दोनतीनदा प्रयत्न करावा लागला मग ती उठली. आत्या नंतर म्हणाली म्हातारं माणूस धडपडतंय आणि ही बाई हात लावायला तयार नाही, आणि वर म्हणाली की हिच्या चेहऱ्यावरूनच ही चोरटी वाटते, मी माणसं बरोबर ओळखते.

आई आत्याच्या बाजूने आहे. बाबा म्हणतात चेहऱ्यात काय ठेवलंय, ब्युरोवाल्याने दोघींची कागदपत्रं दिलीत ती बघा. मला दोन्ही पटत नाही. माणसाच्या चालण्यात, बोलण्यात, बघण्यात त्याचा स्वभाव उतरतोच असं मला मनापासून वाटतं, फक्त तो नेमका कशात बघायचा हे कळत नाहीये. आजीला विचारलं तर ती काही बोलली नाही. तिचा चेहरा हल्ली कोराच असतो, आत्याच्या मते ती आमच्यावर रुसलीय.

तुम्ही माणूस कशावरून जोखता? घरात आजारी माणूस असलेल्यांनी तर नक्की लिहा. शनिवारपर्यंत ब्युरोला कळवायचंय.

रानमेवा

ताई, चेहरा हा मनाचा आरसा असतो हे आपल्या जुन्या लोकांनी उगीच म्हटलेलं नाही. माझं हार्डवेअरचं दुकान आहे, गल्ल्यावर बसून रोज माणसं बघतो. उधारी कुणाला द्यायची आणि कुणाला नाही हे दोन मिनिटांत कळतं, बोलताना माणूस कुठे बघतो, पैशाचा विषय निघाल्यावर तोंडावर काय येतं, त्यावरून. तुमच्या आत्यांना अनुभव आहे, त्यांचं ऐका. आणि दुसरी गोष्ट म्हणजे आजारी माणसासमोर बारा तास सुतकी चेहरा कशाला हवा, हसतमुख बाई असली तर पेशंटला पण बरं वाटतं.

पडद्यामागे

रानमेवा, गल्ल्यावरचा तुमचा अनुभव मी नाकारत नाही, पण तुमची गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं तीच असतात. त्यांचं मागचं वागणं तुम्हाला माहीत असतं आणि ते तुम्ही चेहऱ्यात वाचता. इथे दोन्ही बाया पहिल्यांदा घरात आल्यात.

मी हौशी नाटकवाला, राज्य नाट्य स्पर्धेत बरीच वर्षं कामं करतोय, त्यामुळे चेहरा काय काय करू शकतो हे जवळून बघितलंय. भरताने नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितलेत, आंगिक म्हणजे अंगाचा, वाचिक म्हणजे बोलण्याचा, आहार्य म्हणजे वेशभूषेचा, आणि सात्त्विक. पहिले तीन तालमीने येतात. चौथ्यात आठ भाव येतात, अंग ताठरणं, घाम, रोमांच, आवाज बदलणं, कंप, रंग उतरणं, अश्रू आणि शुद्ध हरपणं. हे करायला मन त्यात असावं लागतं असं तो सांगतो. डोळ्यात पाणी आम्ही प्रयत्नाने आणतो पण चेहऱ्याचा रंग ठरवून उतरवणारा नट मी तरी अजून बघितलेला नाही.

हसण्याबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ड्यूशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे हलके झटके देऊन कुठला भाव कुठल्या स्नायूने होतो हे बघितलं होतं. त्याचं म्हणणं, ओठांचे कोपरे वर नेणारा स्नायू आपल्या हुकमात असतो पण डोळ्यांभोवतीचा मनापासून आनंद झाला तरच आकसतो. आता पुढच्या अभ्यासांत दिसलंय की सराव केला की बऱ्याच लोकांना डोळ्यांसकट हसता येतं, म्हणजे तीही खात्रीची खूण राहिली नाही.

पण ताई, पहिल्या बाईचं हसू खोटं होतं असं मी अजिबात म्हणत नाहीये. काम मागायला आलेलं माणूस हसतं, पोटासाठी हसावं लागतं, त्यात लबाडी नाही. फक्त त्या हसण्यावरून बारा तासांची ड्युटी कशी होईल हे ठरवू नका. तुमच्याकडची नजर काढून ती आजीकडे वळते त्या मधल्या क्षणात चेहऱ्याचं काय होतं ते बघा. नाटकात आम्ही नव्या पोरांना जोखतो ते त्यांचं वाक्य चालू असताना नाही, दुसऱ्याचं वाक्य चालू असताना.

तालुकावकील

"नजर खाली" या मुद्द्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

कोर्टात साक्षीदाराची साक्ष चालू असताना त्याचा आविर्भाव कसा होता याची नोंद न्यायाधीशांनी करायची असते, फौजदारी प्रक्रिया संहिता १९७३ च्या कलम २८० मध्ये ही तरतूद होती आणि नव्या कायद्यातही ती ठेवलेली आहे. अपिलात वरचं कोर्ट खालच्या कोर्टाच्या मताला मान देतं त्याचं एक कारण हेच, की साक्षीदाराला समोर उभं राहिलेलं खालच्या कोर्टाने बघितलेलं असतं. म्हणजे माणसाच्या उभं राहण्या-बोलण्यावरून काहीतरी कळतं हे कायदाही धरून चालतो. काय कळतं हा खरा प्रश्न.

आमच्याकडे एका मारहाणीच्या केसमध्ये शेतमजुरी करणारी एक बाई साक्षीला होती. पिंजऱ्यात उभी राहिली ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत, मान खाली, उत्तर देताना जमिनीकडे बघून. समोरच्या वकिलांनी तेच धरलं, बघा साहेब, नजरेला नजर देत नाही, शिकवून आणलेली साक्षीदार आहे. आता ज्या घरात सासऱ्यासमोर, पाटलासमोर, साहेबासमोर मान वर करणं म्हणजे उद्धटपणा असं लहानपणापासून शिकवलंय, तिथली बाई न्यायाधीशाच्या डोळ्यात डोळे घालून कशी बोलेल? सुदैवाने साहेब स्वतः खेड्यातले होते, त्यांनी तिला पाणी द्यायला सांगितलं, घाई नाही म्हणाले, आणि मग तिने घटना जशी सांगितली, कुठल्या झाडाखाली कोण उभं होतं, बैल कुणी सोडला, ते उलटतपासणीतही इकडचं तिकडे झालं नाही.

खोटं बोलणारा ओळखण्यावर जगभर भरपूर अभ्यास झालेत. दोनशेच्या वर अभ्यास एकत्र करून २००६ मध्ये निष्कर्ष काढला गेला तेव्हा लोकांचा अंदाज बरोबर येण्याचं प्रमाण निघालं साधारण ५४ टक्के. नाणं उडवलं तरी ५० टक्के मिळतात! नजर चुकवणं म्हणजे खोटेपणा ही समजूत देशोदेशी आहे, पण तपासून बघितलं तेव्हा ती खूण फारशी कामाची निघाली नाही.

तुमच्या दुसऱ्या बाईने पगार आणि सुट्टीबद्दल स्पष्ट बोलणं केलं असं तुम्हीच लिहिलंय. माझ्या लेखी ते नजरेपेक्षा जास्त वजनाचं आहे. जे ठरवायचं ते आधी तोंडावर ठरवणारी माणसं सहसा मागून घोळ घालत नाहीत.

सोलापुरी

निंबोणीताई, राग मानू नका, तुमच्यावर नाहीये हे. पण "चेहऱ्यावरून चोरटी वाटते" हे वाक्य वाचलं आणि पोटात गोळा आला.

आम्ही विमुक्त समाजातले. इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमाती कायदा केला, त्यात आख्ख्याच्या आख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, नोंदणी, पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायचं तर परवानगी. आमच्या सोलापुरात तारेच्या कुंपणाआडची वसाहत होती, त्या भागाला आजही सेटलमेंटच म्हणतात. साधारण त्याच काळात, १८७६ ला, इटलीत लोंब्रोसो नावाच्या डॉक्टरने जन्मजात गुन्हेगाराचा जबडा कसा असतो, कान कसे असतात, कपाळ कसं असतं यावर पुस्तक काढलं आणि ते शास्त्र म्हणून युरोपभर चाललं. पुढे तपासणी झाली तेव्हा टिकलं नाही. आपल्याकडचा कायदा उठला ३१ ऑगस्ट १९५२ ला, तो दिवस आम्ही विमुक्त दिन म्हणून पाळतो. लोकांच्या डोळ्यांतून मात्र तो अजून उठलेला नाही. एसटी स्टँडवर पाकीट गेलं की आधी आमच्यासारख्या चेहऱ्याची पिशवी तपासतात. माझी आई धुणीभांडी करायची तिथे दर दिवाळीला घरातले दागिने मोजले जायचे, तिच्यासमोर. तिचा चेहरा पण असाच बंद असायचा बघा, मालकिणीच्या घरात. आमच्या घरात आली की हसून हसून बोलायची.

तर ती बाई तुमच्या घरात बंद चेहऱ्याने बसली असेल तर आधी एवढं बघा की तुमच्या घरातले चार जण तिच्याकडे कसे बघत होते.

वाचनवेडा

सोलापुरी, पूर्ण सहमत.

जबडा-कपाळावरून एका नाकाची गोष्ट आठवली म्हणून थोडक्यात. चार्ल्स डार्विन १८३१ मध्ये बीगल जहाजावर जायला निघाला तेव्हा कॅप्टन फिट्झरॉय त्याला नाकारणारच होता. कारण काय तर फिट्झरॉय हा लाव्हाटर नावाच्या स्विस पाद्र्याचा भक्त, चेहऱ्याच्या ठेवणीवरून स्वभाव सांगणारा, आणि त्याच्या मते असं नाक असलेल्या माणसात एवढ्या लांबच्या प्रवासाला लागणारी जिद्द असूच शकत नाही. डार्विनने हे स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. पाच वर्षांचा प्रवास त्याने पुरा केला. आणि पुढे १८७२ मध्ये याच माणसाने माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावदर्शनावर आख्खा ग्रंथ लिहिला.

नाक, जबडा, कपाळ ही जन्माची ठेवण. तिचा स्वभावाशी संबंध नाही. चेहऱ्यावर येऊन जाणारे भाव ही वेगळी गोष्ट, त्यात थोडंफार कळतं, पण ते त्या क्षणाचं.

ओवीप्रेमी

वरचे प्रतिसाद वाचून असं वाटायला लागलंय की बाहेरून माणसाचं काहीच कळत नाही. मला ते मान्य नाही आणि आपल्या परंपरेलाही ते मान्य नाही.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन स्थितप्रज्ञाबद्दल काय विचारतो? तो कसा बोलतो, कसा बसतो, कसा चालतो. अर्जुनाला आतली अवस्था समजून घ्यायचीय आणि तो विचारतोय बाहेरचं वागणं. आणि ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय तर सगळ्यांनी सावकाश वाचावा असा आहे. मूळ श्लोकात अहिंसा हा एक शब्द आलाय, आणि माउली त्या एका शब्दासाठी पानंच्या पानं माणसाच्या देहाकडे बघत बसतात. अहिंसा ज्याच्या मनात मुरलीय तो चालतो कसा, तर पाण्यावरची लाट मोडू नये असा, भुंगा कमळावर केसर चुरगळेल या भीतीने जसा हळुवार पाय ठेवतो तसा. बघतो कसा, बोलायच्या आधी त्याच्या तोंडावर काय येतं, हे सगळं एकेक करून. मग येतात हात. ते हात उगीच हलत नाहीत. हललेच तर जोडायला, कुणाला भिऊ नको म्हणायला, पडलेल्याला आधार द्यायला, आणि दुखणाइताला अगदी अलगद स्पर्श करायला. हे सगळं सांगून झाल्यावर ते म्हणतात की मनातच नसेल तर वाचेत कुठून उमटणार, बी नसेल तर जमिनीतून अंकुर येईल का.

आता यात बघा, नाकडोळे कुठेही नाहीत. गोरा की काळा, देखणा की कुरूप, काही नाही. सगळं वर्णन क्रियेचं आहे, पाऊल टाकणं, बघणं, बोलणं, हात लावणं. आणि प्रत्येक क्रिया ही दुसऱ्या जिवाच्या संदर्भातली, आपल्याहून नाजूक असलेल्या जिवाच्या. आमच्या गावात एक दादा मृताला आंघोळ घालायला जायचे, कुणाच्याही घरी, रात्री-अपरात्री. मुलखाचा तिरसट माणूस, रस्त्यात भेटला तर नमस्कारही घ्यायचा नाही. पण प्रेताच्या डोक्यावर पाणी ओतताना दुसरा हात कपाळावर आडवा धरायचा, डोळ्यात पाणी जाऊ नये म्हणून. ज्याला आता काही लागणार नाही त्याचे डोळे जपणारा माणूस आतून कसा असेल हे मला कुणी वेगळं सांगायला नको.

तेव्हा ताई, बाहेरून आत दिसतं. फक्त तोंड बघू नका, हात बघा, आणि ते हात आजीला लागतात तेव्हा बघा.

जुनी_सिस्टर

ओवीप्रेमी, हातांबद्दल अगदी बरोबर. मी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होते, आता रिटायर झालेय, त्यात पार्किन्सनचे पेशंटही खूप सांभाळलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

निंबोणी, आधी तुझ्या आजीबद्दल. ती रुसलेली नाही गं. पार्किन्सनमध्ये मेंदूतलं डोपामिन कमी होतं, आणि जसे हातपाय कडक होतात तसे चेहऱ्याचे स्नायू पण होतात. पापण्या कमी लवतात, ओठ हलत नाहीत, आवाज बारीक होतो, आणि सगळा चेहरा मुखवट्यासारखा दिसायला लागतो. आतमध्ये माणूस तेच असतं. हसू येतं, राग येतो, नातवंडं आली की आनंद होतो, फक्त ते चेहऱ्यापर्यंत पोहोचत नाही. घरच्यांना वाटतं हिला आमचं काही पडलेलं नाही, मग तेही बोलणं कमी करतात, आणि पेशंट एकटा पडतो. या आजारात डिप्रेशनही पुष्कळदा येतं हे खरं, तेव्हा न्यूरोलॉजिस्टच्या कानावर नक्की घाल, पण चेहऱ्यावरून ते ठरवू नकोस. तिला एकच साधा प्रश्न विचार आणि मग शांत बस. आपण उत्तराची वाट दोन सेकंद बघतो, त्यांना खूप जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात आपण दुसरा प्रश्न टाकतो नाहीतर त्यांचं उत्तर आपणच देऊन मोकळे होतो.

आता त्या बाया. दुसरीने जे केलं ते वाचून मी ताठ बसले. पार्किन्सनच्या माणसाला खुर्चीतून उठवायची बरोबर पद्धत तीच आहे. आधी खुर्चीच्या कडेला सरकायचं, पाय गुडघ्यांच्या थोडे मागे घ्यायचे, मग नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे वाकायचं, आणि मग उठायचं. शेजारी उभं राहायचं, लागलंच तर कमरेला आधार द्यायचा, पण जोर पेशंटने लावायचा. म्हणजे ताकद टिकते. तुझ्या आत्याला वाटलं हात लावायला तयार नाही. अगं, हात न लावता शेजारी तयारीत उभं राहणं हेच अवघड असतं, आणि तेही घरातले सगळे बघत असताना, आपल्याला काम मिळणार की नाही हे ठरत असताना! ही बाई कुठेतरी नीट शिकलेली आहे किंवा तिने हा आजार जवळून बघितलाय, विचार तिला.

पहिलीने दोन्ही हात धरून ओढलं. ते धोक्याचं आहे, खांदा दुखावतो, आणि तोल गेला तर दोघी पडतात. दारात पाय जमिनीला चिकटतात तेव्हा तर ओढायचं नाहीच. थांबायचं, तिला श्वास घेऊ द्यायचा, मग एक-दोन एक-दोन म्हणायचं किंवा जमिनीवर रंगीत पट्टी चिकटवून ती ओलांड म्हणायचं, पाय सुटतो. पण म्हणून पहिलीला बाद करू नकोस. ओढणं हे न शिकल्यामुळे झालं, त्यात तिचा स्वभाव वाईट असं काही नाही, ते शिकवता येतं. तिच्या मोकळ्या बोलण्याचंही मोल आहे, बोलतं माणूस घरात असलं तर पेशंट बोलता राहतो. रानमेवा, एवढ्यापुरतं तुमचं मला पटतं.

मी नव्या आया आणि शिकाऊ मुलींना कसं पारखायची ते सांगते. अंगाला हात लावायच्या आधी सांगते का, आजी आता कूस वळवते हं, की सामान हलवल्यासारखी हलवते. बोलताना खाली बसून पेशंटच्या नजरेच्या पातळीला येते का. तू तिला विचारलंस की आजींनी जेवण केलं का, तर ती तुलाच उत्तर देते की आजीकडे बघून, केलं ना आजी, असं तिला त्यात घेते. कपडे बदलताना दार लावते का, चादर ओढते का, बाहेर कुणी नसलं तरी. आणि सांडलं, ओलं झालं, कपडे खराब झाले की पहिल्या क्षणी तोंडावर काय येतं. किळस येते, सगळ्यांना येते, मलाही यायची, ती आली म्हणून माणूस वाईट नाही. त्याच्या पुढच्या क्षणी ती काय करते ते बघायचं.

आणखी एक. आधीच्या पेशंटबद्दल विचार. त्याचं दुखणं आणि त्याच्या सवयी सांगितल्या तर चांगलं. त्या घरातली भांडणं आणि सुनेच्या तक्रारी सांगायला लागली तर उद्या तुमच्या पण सांगेल.

पडद्यामागे

सिस्टर, "हात न लावता तयारीत उभं राहणं", क्या बात है. जपून ठेवतो हे वाक्य.

रानमेवा

सिस्टरांचं बरोबर असेल, आपण त्यातलं शिकलेलो नाही. तरी माझं म्हणणं मी सोडत नाही, घरात येणारं माणूस घरच्यांना पण रुचायला हवं, नाहीतर आत्या आणि ती बाई रोज खटके उडवतील आणि त्याचा त्रास आजींना होईल. सोलापुरी, तुमच्या आईचं वाचलं, वाईट वाटलं. माझ्या दुकानात मी कधी कुणाची पिशवी तपासलेली नाही.

निंबोणी

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं भरभरून लिहाल असं वाटलं नव्हतं. सोलापुरी, तुमचा प्रतिसाद मी आत्याला मोठ्याने वाचून दाखवला. ती काही बोलली नाही पण नंतर तो शब्द तिने परत वापरला नाही.

सिस्टर, तुम्ही म्हणालात तसं काल रात्री आजीजवळ बसले, टीव्ही बंद केला, आणि विचारलं की दोघींबद्दल तुला काय वाटलं, आणि नुसती बसून राहिले. खरंच किती वेळ लागतो! मी दोनदा तोंड उघडून परत मिटलं. मग ती बोलली, अगदी बारीक आवाजात. पहिलीने ओढलं तेव्हा खांदा दुखला पण तिचं बोलणं छान आहे, तिचं माहेर सिन्नरकडचं आहे ते मला कसं कळलं नाही असं मलाच विचारलं. म्हणजे बाथरूमपर्यंत जाता जाता दोघींचं बोलणं झालेलं होतं आणि आम्हाला कुणाला पत्ता नाही. दुसरीबद्दल म्हणाली की ती घाई करत नाही, आणि मग म्हणाली की तिला जेवणात काय येतं ते विचारा, मला भाकरी लागते. इतकं सगळं तिच्या मनात होतं आणि आम्ही आठवडाभर तिच्या तोंडाकडे बघून रुसलीय रुसलीय करत होतो.

बाबा म्हणतात दोघींना दोन-दोन दिवस ट्रायलला बोलवू, आत्या पण तयार झालीय. ब्युरोवाला हो म्हणालाय. आता प्रश्न असा की आम्ही समोर बसून राहिलो तर ती आमच्यासाठी वागणार, आणि कामावर गेलो तर काही दिसणार नाही. एक चुलतभाऊ म्हणतोय हॉलमध्ये आणि आजीच्या खोलीत कॅमेरा लाव. सिस्टर, काय करावं?

जुनी_सिस्टर

आजीच्या खोलीत नको. तिथे तिचे कपडे बदलतात, तिचीही काही लाज आहे की नाही. हॉलमध्ये लावायचा असेल तर बाईला पहिल्याच दिवशी दाखव की इथे आहे, लपवून लावलेला तिला नंतर सापडला की त्या दिवसापासून तुमच्या घरावरचं तिचं मन उडतं.

समोर बसू नकोस, पण घरातच राहा, एक दिवस रजा टाक. स्वयंपाकघरात काहीतरी करत राहा आणि कान तिकडे ठेव. दुसऱ्या खोलीतून आवाज ऐकला की पुष्कळ कळतं, तोंड दिसत नाही त्यामुळे आपले ग्रह मध्ये येत नाहीत. ती किती वेळ गप्प बसते, आजीचं वाक्य पुरं होऊ देते का, गोळीची वेळ स्वतःहून विचारते का. ती वेळ फार सांभाळायची असते या आजारात, अर्धा तास चुकला तरी चालणं बंद पडतं काहींचं. गोळी दिल्यावर तासाभराने आजी मोकळी होते तेव्हा आणि असर उतरतो तेव्हा, दोन्ही वेळी ऐक. मोकळी असताना कुणीही चांगलं सांभाळेल.

दुसरीला उठवायची ती रीत पहिलीला दाखवायला सांग. कशी शिकवते आणि ही कशी शिकते, दोघींचं एकदम दिसेल, आणि पुढे एकीची सुट्टी असली की दुसरी बदली यायला तयार असेल. महिन्याच्या सुट्ट्या काढून घेऊ नका, बारा तास उचलाउचल करून पाठ जाते या बायांची.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, पेशंट आणि घरचे दोघांसाठी, त्यांच्याशी बोला, तुझ्या आईला आणि आत्याला उपयोग होईल.

आणि ट्रायलच्या दिवसांचे पैसे दोघींना पूर्ण द्या, जिला ठेवणार नाही तिलाही, त्याच संध्याकाळी हातात.